घरात चालतात पण बाहेर चालत नाहीत असे शब्द (आणि 'सुरलं' तुमच्याकडे आहे का?)

मधलीसून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की लेक तिसरीत आहे, शाळेत 'माझी आई' निबंध लिहायला दिला होता. काल पालकसभेला गेले तर बाईंनी तिची वही पुढे ठेवली आणि मला जरा बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मला काही कळेना. वही बघितली. 'माझी आई ऑफिसला जाते. माझी आई मला गणित शिकवते. माझी आई रोज रात्री ओट्यापाशी उभी राहून सुरलं खाते.' सुरलंच्या खाली लाल रेघ, शेजारी भलंमोठं प्रश्नचिन्ह. बाईंना वाटलं काहीतरी औषध असणार, किंवा त्याहून वाईट काहीतरी. 'उभी राहून'मुळे संशय जास्त बळावला असावा.

आता सुरलं म्हणजे काय हे मी त्यांना समजवायला लागले आणि समजावता समजावता मलाच घाम फुटला, कारण आयुष्यात पहिल्यांदा डोक्यात आलं की हा शब्द आपल्या घराबाहेर आपण कधी ऐकलेलाच नाही.

तर बघा, आपण उरलंसुरलं म्हणतो ना, त्यातलं उरलं वेगळं आणि सुरलं वेगळं. उद्या डब्याला होईल इतकी भाजी राहिली तर ती उरली. झाकण लावून फ्रिजमध्ये. पण पातेल्याच्या कडेला दीड चमचा आमटी, चतकोर पोळी, भाताची चार शितं, लोणच्याचा नुसताच खार, म्हणजे जे कोणाला वाढता येत नाही, टाकवतही नाही आणि ज्यासाठी वेगळी वाटी खराब करायची इच्छा नाही, ते सुरलं. आमची संगमनेरची आजी म्हणायची. तिच्याकडून आई, आईकडून मी, आणि लग्नाला १२ वर्षं झाली तर आता सासूबाईसुद्धा "सुरलं किती आहे गं" असं विचारतात.

तर प्रश्न असा की अजून कोणाकडे हा शब्द आहे का? आणि नसेल तर तुमच्या घरातले असे शब्द सांगा, म्हणजे मला एकटीला वेड्यासारखं वाटणार नाही.

रिकामटेकडा_बंड्या

पहिला! आता वाचतो.

रिकामटेकडा_बंड्या

वाचलं. शब्द आमच्याकडे नाही पण पदार्थ रोज असतो.

शब्दवेडा

मस्त धागा. शाळेच्या व्याकरणात अभ्यस्त शब्द होते, आठवतंय का कुणाला? घरघर, हळूहळू हे पूर्णाभ्यस्त, आणि शेजारीपाजारी, उरलासुरला, किडूकमिडूक हे अंशाभ्यस्त. दुसऱ्या प्रकारात जोडीतल्या एकाला (कधी कधी दोघांनाही) स्वतःचा असा अर्थ नसतो, नुसता ठेका धरायला आलेला असतो. तुमच्या आजींनी त्या बिचाऱ्या सुरलंला नोकरीला लावलं. दंडवत.

डोंबिवली_फास्ट

मग पाजारी कोण?

रिकामटेकडा_बंड्या

शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले. पाजारी म्हणजे पार्किंगवरून भांडणारे. आमच्या सोसायटीत शेजारी दोन आणि पाजारी बेचाळीस.

कंदी_पेढा

आणि किडूक आईच्या गळ्यात, मिडूक बँकेच्या लॉकरमध्ये.

विषयावर येतो. आमच्याकडे नवीन शब्द नाहीत, उलट आमच्या घरात शब्दच नाहीत. वडील ७६ वर्षांचे, आई ७१, आणि या दोघांचा अख्खा संसार 'ते' आणि 'हे' एवढ्यावर चालतो. वडील बाहेरच्या खोलीतून ओरडतात, "अगं ते त्या ह्याच्यावर ठेवलेलं ते कुठंय?" आई भाजी चिरता चिरता मान वर न करता, "ते मी त्यात टाकलं, दुसरं घ्या, त्याच्याखाली आहे." आणि वडिलांना ते सापडतं! मी समोर बसलेलो असतो तरी मला शेवटपर्यंत कळत नाही की रुमाल होता की गॅसचं बिल. एकदा चुलत भावाच्या लग्नाला निघताना मी गुपचूप मोबाईलवर रेकॉर्ड केलं. ११ मिनिटांत ४३ वेळा 'ते', आणि वस्तूचं नाव म्हणाल तर एकही नाही. आणि शेवटी दोघं आहेरासकट, गोळ्यांसकट, कुलूप लावून वेळेवर खाली उतरले. मीच पाकीट विसरलो.

नियमावर_बोट

धागा चर्चा विभागात काढला आहे, हा ललितचा विषय आहे. संपादकांनी हलवावा.

रिकामटेकडा_बंड्या

आले पाजारी.

अकोल्याचा_ऊन

हा धागा म्हणजे आमच्या घरासाठीच काढला राजेहो.

आमच्या घरी कूलरला जवाई म्हणतात. आजोबांनी ठेवलेलं नाव. त्यांचं म्हणणं, वर्षातून एकदा येतो, दोन-तीन महिने मुक्काम करतो, खिडकीतली सगळ्यात चांगली जागा त्याला द्यावी लागते, दर दोन तासांनी पाणी विचारावं लागतं, आणि एवढं करून ऐन दुपारी फुगून बसतो. होळी झाली की माळ्यावरून खाली काढायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंपाला तेलपाणी करायचं, याला आमच्याकडे 'जवाई बसवणं' असं म्हणतात. लहानपणी आम्हा पोट्ट्यांची ड्युटी रात्री झोपायच्या आधी बादलीनं टाकी भरायची. "जवायाले पाणी देलं का रे?" हे ऐकल्याशिवाय आमचा मे महिना गेला नाही. अकोल्यात ४५ पारा म्हणजे तुम्हा पुणे-मुंबईवाल्यांना बातमी, आम्हाला मंगळवार.

आता खरी गोष्ट. माझ्या ताईचं लग्न झालं डिसेंबरात, भाऊजी नाशिकचे, एकदम सभ्य माणूस, मोठ्यानं कधी बोलत नाहीत. पहिल्याच उन्हाळ्यात ते ताईला सोडायला येणार होते तर निघायच्या आधी त्यांनी फोन केला. फोन उचलला आईनं आणि स्पीकरवर टाकला, आणि मागून आमचे बाबा आजोबांना ओरडून सांगताहेत (आजोबांना ऐकू कमी येत होतं), "जवाई लय आवाज करू रायला! रातभर झोपू नाही देलं! पाठीवर एक हाणली का गप बसते, पण घंट्याभरात पुन्हा सुरू! यंदाचं साल काढू, पुढच्या साली भंगारात देऊन नवा घेऊ!"

फोनवर शांतता. मग भाऊजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "आई, मी नंतर फोन करू का?"

आईनं सगळं समजावून सांगितलं, ताईनं तिकडून समजावलं, तरी ते आले तेव्हा दोन दिवस बाबांकडे पाठ करून बसले नाहीत. आता १४ वर्षं झाली. भाऊजी स्वतः आले की आधी कूलरजवळ जातात, पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, "काय सासुरवाडीला, बरं चाललंय ना?" मागच्या वर्षी आम्ही एसी घेतला. तर भाऊजींनी कूलर नाशिकला नेला, भंगारात देऊ दिला नाही. नाशिकला त्याची गरज किती ते तुम्हीच सांगा.

मधलीसून

अहो मी ऑफिसमध्ये वाचतेय हे! शेजारच्या टेबलवरून विचारणा झाली काय झालं म्हणून.

डोंबिवली_फास्ट

"पुढच्या साली भंगारात देऊन नवा घेऊ" हे वाक्य ऐकून कोणता जावई टिकला असता. तुमच्या भाऊजींना साष्टांग.

दोन_लेकींची_आई

आमची मोठी तीन वर्षांची होईपर्यंत बाबाला 'अहो' म्हणायची, कारण मी म्हणते म्हणून. बसमध्ये "अहो, मला शू आलीय" म्हणून ओरडली की लोक वळून बघायचे.

डोंबिवली_फास्ट

पाहुण्यांसमोर बोलायच्या भाषेबद्दल अजून कोणी कसं नाही लिहिलं?

आमच्याकडे आई स्वयंपाकघरातून विचारायची, "बंटी, क्लासला जायचंय ना तुला?" क्लास वगैरे काही नसायचा. याचा अर्थ मागच्या दारानं उतर आणि अर्धा लिटर दूध घेऊन ये. "जाताना ती वही ने" म्हणजे बिस्किटंपण. हे सगळं ठीक चालायचं, पण आईला आणि मावशीला च-ची भाषा बोलायची फार हौस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी लावायचं आणि पुढे च. तुला काय हवंचं चलातु चयका चवंह. दोघी बहिणी त्यात इतक्या फास्ट होत्या की लोकल सुद्धा मागे पडेल.

एकदा बाबांच्या ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ आले, पहिल्यांदाच. एकदम गंभीर, सफारी घातलेले, बाबा त्यांना जरा घाबरायचेच. आईनं आतून मावशीला सांगितलं, "चखरसा चपलीसं!" साखर संपली. मावशी म्हणाली, आता गं? तेवढ्यात बाहेरून ते गृहस्थ पेपरमधून डोकं वर न काढता शांतपणे म्हणाले,

"चलेलचा. चनसाखरेचाबि."

चालेल. बिनसाखरेचा.

बाबांना भाषा येत नव्हती त्यामुळे त्यांना वाटलं साहेबांना काहीतरी झटका आला. ते पाणी आणायला धावले. आई आतून बाहेरच येईना. नंतर कळलं, ते गिरगावात पाच बहिणींच्या पाठीवर जन्मलेले.

रिकामटेकडा_बंड्या

चरखत चतरना चहीना चळालंक.
(खरंतर मलाच नीट जमलं नाहीये)

मालवणी_खाजा

आमच्याकडे उलटा प्रकार. आजी काही शब्द उच्चारायचीच नाही. संध्याकाळनंतर साप म्हणायचं नाही, 'जनावर' किंवा 'लांबडा'. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे तर सगळीकडेच आहे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. इथपर्यंत तुमच्याकडेही असेल. पण आमच्या आजीनं हे 'वाढलं' घरातल्या सगळ्याच वस्तूंना लावून टाकलं. घरात काही संपलं असं म्हणायचंच नाही. तेल वाढलं, मीठ वाढलं, चायपत्ती वाढली.

माझी बायको इंदूरची मराठी. लग्न होऊन आठवडा झालेला, मी कामावर मुंबईला परत आलेलो आणि ती गावी आजीबरोबर. आजीनं तिला सांगितलं, "तांदूळ वाढले असत गो." हिला वाटलं, अरे वा, भरपूर आहेत. हिनं त्या दिवशी दुप्पट शिजवला. दुसऱ्या दिवशी डब्यात हात घातला तर तळाला नखं लागली. तिनं मला घाबरून फोन केला, "आजी म्हणाल्या वाढले, पण इथे तर खडखडाट आहे, मी काहीतरी चुकीचं केलं का?" आणि मागून आजीचा आवाज, "बघ गो, सिलेंडर पण वाढलो!"

आजी जाऊन आता आठ वर्षं झाली. बायको बोरिवलीत बसून वाण्याला फोनवर सांगते, "भाऊ, साखर वाढली आहे, दोन किलो पाठवा." तो वाणी आधी गोंधळायचा. त्याला वाटायचं भाव वाढल्याची तक्रार करताहेत.

शब्दवेडा

खाजा यांचा प्रतिसाद वाचून आठवलं. आपण घरातले चुकीचे, वाकडे शब्द म्हणून हसतोय खरं, पण बाजारातले किती शब्द असेच कुणीतरी ऐकून वाकडे केलेले आहेत बघा. पोर्तुगीजांचा अफोन्सो आंबा, आपण त्याचा हापूस केला. त्यांचा पाव, बटाटा, चावी, पगार जवळपास तसेच घरात घेतले. रॉक ऑइलचं रॉकेल झालं. कोणाच्या तरी आजीनं पहिल्यांदा म्हटलं असणार आणि घरातले हसले असणार.

नियमावर_बोट

हापूस आणि अफोन्सो वेगळा धागा काढा. इथे कौटुंबिक शब्द चालू आहेत.

(आमच्याकडे गॅसच्या लायटरला 'चिमणी' म्हणतात. चिव चिव आवाज येतो म्हणून. आईचा शब्द आहे.)

रिकामटेकडा_बंड्या

बोट यांनी कंसात का होईना, मन मोकळं केलं. आजची तारीख लिहून ठेवा.

नलू_परदेशात

आमच्याकडे 'कपाळ लावणे' आहे. म्हणजे व्हिडीओ कॉल. माझ्या आईला फोन कसा धरायचा ते शेवटपर्यंत जमत नाही, त्यामुळे स्क्रीनवर खाली तिचं कपाळ, टिकली, आणि वर अख्खा गरगरणारा पंखा. मुलगा इथे जन्मला, तो दीड वर्षाचा असल्यापासून रोज रात्री कपाळाशी गप्पा मारतो. "मम्मा, कपाळ लाव ना." मराठी त्याला तेवढीच येते जेवढी कपाळ बोलतं.

मागच्या वर्षी आई पहिल्यांदा इकडे आली. विमानतळावर ढकलगाडी घेऊन बाहेर आली, हा पळत गेला आणि तिच्यापासून चार फुटांवर थांबला. वरून खाली बघितलं. मग खालून वर बघितलं. आणि म्हणाला, "आजी, तुला पाय पण आहेत!"

आई म्हणाली, "हो रे सोन्या, तुझ्यासाठीच आणलेत." आणि तिथेच, लोकांच्या वाटेत, ट्रॉली सोडून खाली बसली. मागचे लोक बॅगा घेऊन वळसा घालून जात होते. मी काहीच बोलले नाही. गाडीत बसल्यावर तो अर्धा वेळ तिच्या चपलेकडेच बघत होता.

दोन_लेकींची_आई

नलू, डोळ्यात पाणी आणलंस गं.

स्पष्टवक्ती

सगळे हसताहेत तर मी जरा मिठाचा खडा टाकते. 'माझी आई रोज रात्री ओट्यापाशी उभी राहून सुरलं खाते' हे वाक्य बाईंनी लाल केलं ते बरोबरच केलं असं मला वाटतं. शब्द गोड आहे, मान्य. पण आजीनं खाल्लं, आईनं खाल्लं, आता तुम्ही खाताय, उद्या ती निबंध लिहिणारी खाणार. शब्द पुढे जातोय की काम? बाबा सुरलं खातात असं एकाही निबंधात का नाही?

कंदी_पेढा

आमच्याकडे मीच खातो. वजन ९४. कोणी निबंध लिहीत नाही एवढंच.

रिकामटेकडा_बंड्या

सगळ्या गोष्टीत स्त्री-पुरुष कशाला आणायचं? एवढा छान धागा चाललाय.

स्पष्टवक्ती

बंड्याजी, काल रात्री तुमच्या घरातलं पातेलं कोणी पुसून घेतलं ते सांगा मग बोलू.

रिकामटेकडा_बंड्या

...
आईनं.
गप बसतो.

मधलीसून

स्पष्टवक्ती, खरं सांगायचं तर बाईंनी वही दाखवली तेव्हा आधी हसू आलं आणि गाडीवर घरी येताना तुम्ही म्हणताय तेच डोक्यात आलं. नवऱ्याला निबंध दाखवला. तो आधी खूप हसला, मग थोडा वेळ गप्प होता, मग रात्री ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज किती आहे?" फोडणीच्या भाताचा खरवडलेला तळ होता. त्याला तो इतका आवडला की आता हा रोज खाणार म्हणून भांडतोय. म्हणजे माझा हक्कही गेला.

मुक्कामी_गाडी

मी इथे फारसं लिहीत नाही, नातवाने नाव नोंदवून दिले आहे. टायपिंग हळू आहे, चुका माफ करणे.

मी एस टी मध्ये वाहक होतो. आपली येष्टी १ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली धावली हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी लागलो १९७९ ला. मुक्कामी गाडीची ड्युटी जास्त, दोन दिवसांनी घरी. आमच्या कामात बोलणे कमी आणि घंटी जास्त. दोरी एकदा ओढली की सिंगल, म्हणजे थांब. दोनदा ओढली की डबल, म्हणजे चल. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, घंटीवर गाडी चालते.

ही सवय माझ्याबरोबर घरी आली आणि आमच्या मंडळींनी ती उचलली. ताटात भात वाढताना मी म्हणायचो सिंगल, की हात थांबला. आमटी पाहिजे असली की डबल. मुले लहान होती तेव्हा अभ्यासाला डबल, टीव्हीला सिंगल. मी कधी रागाच्या भरात बोलत सुटलो तर ती काही वाद घालायची नाही, पोळपाटावर लाटणे एकदा आपटायची. टण. मी थांबायचो. ३५ वर्षे गाडी अशी चालली. ती हसत म्हणायची, तुम्ही नुसते तिकिटे फाडता, कंडक्टर मी आहे.

शेवटी आजारात तिचे बोलणे गेले होते. दवाखान्यात मी बाजूला बसायचो. हात हातात घेतला की ती बोटाने तळव्यावर टिचकी मारायची. एकदा मारली की मी समजायचो, पुरे, पाणी नको, किंवा उशी नको. त्या दिवशी संध्याकाळी तिने दोनदा मारली. मी विचारले काय पाहिजे. पुन्हा दोनदा. मुलगी म्हणाली, बाबा, ती तुम्हाला जेवून या म्हणत असेल, सकाळपासून तुम्ही काही खाल्ले नाही. मलाही तसेच वाटले. गेलो, समोरच्या खाणावळीत जेवलो, आलो तेव्हा झोपली होती. पहाटे गेली.

या भाद्रपदात तीन वर्षे झाली. धाकटा नातू ६ वर्षांचा आहे. त्याने आजीला नीट पाहिले पण नाही. पण जेवताना सून भात वाढायला लागली की तो हात आडवा धरून ओरडतो, सिंगल! कुठून शिकला विचारले तर म्हणतो, असेच म्हणतात.

लांबले. थांबतो. सिंगल.

कंदी_पेढा

काका, काय लिहू कळत नाही.

अकोल्याचा_ऊन

काका नमस्कार. आज जेवताना सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. बाबा उठून आईच्या ताटात पोळी वाढायला गेले, आई म्हणते, "हे काय नवीनच?"

नियमावर_बोट

काका, टायपिंगमध्ये एकही चूक नाही.

फ्लॅट_नंबर_सहा

आम्ही चार पोरं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, याला घर धरणार का? आमच्याकडे खिचडीला 'लोकशाही' म्हणतात. कोणाचंच एकमत झालं नाही की होते.

डोंबिवली_फास्ट

धरणार. आणि त्या खिचडीचं सुरलं कोण खातं?

फ्लॅट_नंबर_सहा

सुरलं राहिलं तर खाणार ना. आमच्याकडे पातेलं धुवावं लागत नाही.

मालवणी_खाजा

मधलीसून ताई, मूळ प्रश्न राहिलाच. 'सुरलं' आमच्याकडे नाही, सासुरवाडीलाही विचारलं, तिथेही नाही. बायकोनं मात्र ऐकल्या ऐकल्या उचललाय. काल मला म्हणाली, "सुरलं वाढलंय." अर्थ लावत बसलोय.

शब्दवेडा

संगमनेरच्या कोणी सांगा, त्या भागात कुठे ऐकलाय का? मलाही उत्सुकता आहे, बोलीतला जुना शब्द असायची शक्यता मी अजून सोडलेली नाही.

मधलीसून

शब्दवेडा, सोडा आता.

काल आईला फोन केला. म्हटलं आई, आजीनं हा सुरलं शब्द कुठून आणला, तिच्या माहेरचा का? आई आधी गप्प, मग हसायलाच लागली. म्हणाली, "अगं आजीचा कुठला, तुझाच आहे तो."

तिनं सांगितलं ते असं. मी चार वर्षांची असेन. आजी जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे म्हणाली, चला, उरलंसुरलं काढून ठेवू. तर मी दोन वाट्या घेऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "यात उरलं घाल. सुरलं कशात घालू?" आजीनं म्हणे हसून पाटावर बसकण मारली. आणि मग पातेल्याच्या तळाशी जो आमटीभात होता तो बोटानं निपटून, त्याचा एवढासा लाडू वळून माझ्या दुसऱ्या वाटीत ठेवला. "हे घे तुझं सुरलं." त्या दिवसापासून ती रोज मुद्दाम थोडं मागे ठेवायची, पातेलं पूर्ण रिकामं करायची नाही, आणि मी झोपायच्या आधी वाटी घेऊन हजर. मी मोठी झाले, वाटी घेऊन जायचं बंद झालं, पण आजीची मागे ठेवायची सवय राहिली. मग ते ती खायला लागली. मग आई. मग पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मला यातलं काहीच आठवत नाही. पस्तीसेक वर्षं मी 'आमची आजी म्हणायची' म्हणून सगळीकडे सांगत आलेय, आणि आजी मात्र मी म्हणायचे म्हणून म्हणत होती.

काल रात्री लेकीला हे सांगितलं. तिनं कपाटातून स्वतःची वाटी काढली आणि ओट्यापाशी आली. नवरा आधीच तिथे चमचा घेऊन उभा होता. कॉलीफ्लॉवरचा रस्सा होता, तळाला दोन चमचे. जरा वाद झाला.

दोन_लेकींची_आई

कोणी जिंकलं?

मधलीसून

लेक. बाबाला पातेलं घासायला मिळालं.

स्पष्टवक्ती

आता कसं बोललात.

रिकामटेकडा_बंड्या

ते सगळं ठीक आहे, पण बाईंनी निबंधाला मार्क किती दिले?

मधलीसून

दहापैकी आठ. दीड शुद्धलेखनाचे कापले. अर्धा सुरलंचा.